बाटली स-२३

१९९८ च्या मे महिन्यातल्या शेवटच्या शनिवारी, मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका टिश्यू कल्चर प्रयोगशाळेत, रोगट केळीच्या बुंध्याशी फुटलेल्या एका पिल्लातून पाच तुकडे काढून पाच बाटल्यांत ठेवण्यात आले. प्रत्येक तुकडा अर्ध्या मिलिमीटरचा होता. मोहरीच्या दाण्याचा साधारण चौथा हिस्सा. बाटल्यांवर स-१९ ते स-२३ असे क्रमांक टाकले. तुकडे काढण्याचं काम मी केलं आणि वहीतली नोंदही माझ्याच अक्षरात आहे. दुसऱ्या दिवशी धसईच्या वरच्या अंगाला असलेल्या एका ठाकरपाड्यात त्या केळीचं उरलेलं बेट कंदासकट खणून, पेंढ्यात घालून जाळण्यात आलं. त्यानंतर ती केळ या पाच बाटल्यांखेरीज कुठे निरोगी उरली असल्याचं आम्हाला माहीत नव्हतं.

या प्रयोगशाळेत मी अकरा वर्षं काम केलं. त्याआधी दोन वर्षं एका दैनिकाच्या ठाणे कार्यालयात बातम्या लिहीत होते. आधी काय घडलं, कधी घडलं ते लिहायचं, ही सवय तिथली. प्रयोगशाळेत ती उपयोगी पडली, कारण तिथे दिवसभरात डोळ्यांना दिसण्यासारखं जवळजवळ काहीच घडत नाही.

काम साधं आहे. रोपाच्या अगदी टोकाशी, कोवळ्या पानांच्या आत दडलेला एक ठिपका असतो. त्यातल्या पेशी अजून काहीच झालेल्या नसतात. पान होणं, खोड होणं, फूल होणं, सगळं पुढे असतं. त्यांना मूलपेशी म्हणतात. तो ठिपका काढून काचेच्या बाटलीत, साखर, क्षार आणि अगार घालून घट्ट केलेल्या माध्यमावर ठेवतात. बाटल्या धुणाऱ्या बायका या माध्यमाला पेज म्हणत. पेजेत आणखी दोन पदार्थ असतात, लिटरमागे काही मिलिग्रॅम. एकाला सायटोकायनिन म्हणतात, दुसऱ्याला ऑक्झिन. पहिला वरचढ असला तर तुकड्याला कोंब फुटतात. दुसरा वरचढ असला तर मुळं फुटतात. दोन्हींचं माप बिघडलं तर नुसता पांढरा गोळा वाढत राहतो, ज्याला ना शेंडा ना बूड. पेशी त्याच, बाटली तीच. बदलतो फक्त निरोप.

बाहेरून येणारे लोक विचारत, की केळ्यांना इंजेक्शन देता ते इथेच का. आम्ही नाही म्हणत असू. भातसानगरहून आलेल्या एका गृहस्थांनी पन्नास रोपं नेली आणि त्याच दुपारी उन्हात लावली. चौथ्या दिवशी वाळलेली रोपं टोपलीत घेऊन ते हजर झाले. बाटलीतही ती उजेडातच होती की, असं त्यांचं म्हणणं होतं. बाटलीतल्या रोपाला तहान ठाऊक नसते. बाहेर काढल्यावर सहा आठवडे प्लास्टिकच्या झाकणाखाली त्याला ती शिकवावी लागते. हे त्यांना तासभर समजावून सांगितलं. जाताना ते म्हणाले, “म्हणजे बाळंतिणीसारखंच म्हणा.” ही तुलना आम्ही पुढे वापरली.

प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टर मुळेबाई होत्या. पुण्याच्या, वनस्पतिशास्त्रातल्या, कमी बोलणाऱ्या. निर्यातीची फुलझाडं आणि बाजारात चालणारी केळ, एवढंच उत्पादन होतं. बाहेरचं झाड, त्यातही रोगट झाड, आत आणायला सक्त मनाई होती. एका बाटलीतली बुरशी आठवड्यात शंभर बाटल्यांत पोचते.

सोमीबाई बाटल्या धुण्याच्या खोलीत होत्या. वय चाळिशीच्या पुढे. धसईहून एसटीने येत, त्याआधी पाड्यावरून तासभर उतरून. हाताखालून बाटली फुटल्याची नोंद त्यांच्या नावावर नाही. १९९७ च्या जूनमध्ये जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला विचारलं, की बाटलीतल्या केळीला रोग होतो का. मी नाही म्हटलं. त्यांनी मग सगळी हकिगत सांगितली.

त्यांच्या घराण्यात केळीचं एक बेट आईकडून लेकीकडे जाई. लेक सासरी निघाली, की आई बेटातलं एक पिल्लू कोयतीने सोडवून, ओल्या गोणपाटात गुंडाळून तिच्या हातात देई. सासरच्या दारी, न्हाणीचं पाणी जिथे वाहतं, तिथे ती ते लावी. त्या झाडाचा पहिला घड माहेरी यायचा. घड आला म्हणजे लेकीचं बरं चाललंय असं समजायचं; नाही आला तर कोणीतरी जाऊन बघून यायचं. फळ बोटभर लांबीचं, सालीला पातळ, पिकल्यावर किंचित आंबूस. बाजारात त्याला कोणी विचारत नसे. नावही नव्हतं. घरात तिला नुसतं ‘आईची’ म्हणत.

तीन वर्षांपासून कुठूनच घड आला नव्हता. झाडं गुडघ्याएवढी राहत, पानं अरुंद, ताठ, एकमेकांना चिकटून गुच्छासारखी उभी. सोमीबाईंच्या दारी तेच, बहिणीच्या दारी तेच, भाच्यांच्या दारी तेच. कृषी सहायकाने बघून सांगितलं, की हा पर्णगुच्छ, औषध नाही, खणून जाळा. रोगाचा विषाणू झाडाच्या रसात असतो. मावा किडीबरोबर तो शेजारच्या झाडावर जातो आणि पिल्लाबरोबर तर जातोच. सात घरांतल्या सात बेटांना तो आईच्याच हातून मिळाला होता. हे मी सोमीबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, “म्हणजे आमीच वाटला.”

थोरली मुलगी जना. तिचं लग्न पुढच्या वैशाखात ठरलं होतं, कसाऱ्याच्या बाजूच्या एका गावात. सोमीबाईंचं मागणं एवढंच होतं, की जनाच्या हातात चांगलं पिल्लू देता यावं.

मी मुळेबाईंकडे गेले. रोगट झाडाच्या शेंड्यातून निरोगी रोप निघू शकतं, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. विषाणू झाडाच्या शिरांतून फिरतो. अगदी टोकाच्या ठिपक्यात शिरा अजून तयार झालेल्या नसतात, म्हणून विषाणू बहुतेक वेळा तिथवर पोचत नाही. पायापासून मानेपर्यंत आजारी झाड आणि टाळूवर टाचणीच्या टोकाएवढी निरोगी जागा. मुळेबाईंनी परवानगी दिली. अट अशी, की काम शनिवारी उत्पादन संपल्यावर, शेवटच्या टेबलावर करायचं, टेबल दोनदा पुसायचं आणि बाटल्या वेगळ्या मांडणीवर ठेवायच्या. “तुकडा लहान घ्या,” एवढंच त्या म्हणाल्या.

जुलै १९९७ मध्ये मी तीन पिल्लांतून अठरा तुकडे काढले. ते लहान नव्हते. चूक इथे झाली.

आमच्या धंद्यात कामगाराचा हात तुकडे किती जगले यावर जोखला जातो. मोठा तुकडा जगतो, लहान मरतो, हे पहिल्या महिन्यात कळतं आणि मग बोटं आपोआप मोठा तुकडा कापतात. मोठा का जगतो, याचं कारण त्याच्या शेजाऱ्यांत आहे. मूलपेशी एकट्या काही ठरवत नाहीत. खालच्या पेशी वर निरोप पाठवतात, की अशाच राहा. वरच्या खाली पाठवतात, की पुरे, आता थांबा. या देवाणघेवाणीवर ठिपक्यातल्या पेशींची संख्या टिकून राहते. झाड कितीही वाढो, ठिपका तेवढाच. बाजूच्या कोवळ्या पानांकडून आणखी निरोप येतात. परदेशांतल्या प्रयोगशाळांत याच वर्षांत एका लहानशा तणाच्या रोपावर हे उलगडत होतं. मुळेबाई त्या शोधनिबंधांच्या झेरॉक्स मागवून जेवणाच्या सुट्टीत मराठीत सांगत. ऐकताना डबे तसेच उघडे राहत. रोज चिमट्यात धरत होतो ती वस्तू आपसात बोलते, हे आम्हाला तोवर माहीत नव्हतं.

तर लहान तुकडा कापणं म्हणजे शेजार तोडणं. मोठा तुकडा घेणं म्हणजे शेजाऱ्यांबरोबर त्यांच्या शिरा घेणं, आणि शिरांबरोबर विषाणू. मी ज्वारीच्या दाण्याएवढे तुकडे घेतले. अठरापैकी सोळा जगले. मांडणीवर ते हिरवेगार दिसत. सोमीबाई दाराच्या काचेतून रोज बघून जात आणि खोलीतल्या बायकांना सांगत, की लेकीच्या आधी केळीच उजवल्या. बायका त्यांना ‘सोळा जणींची आई’ म्हणू लागल्या.

कोंब, मुळं, मग प्लास्टिकखालचे सहा आठवडे, हे सगळं होऊन फेब्रुवारीत पानांचे तुकडे तपासणीसाठी पुण्याला गेले. एप्रिलमध्ये कागद आला. सोळाही रोगट. तोवर चार रोपांची पानं ताठ उभी राहायला लागलेली होतीच. आम्ही ती पाहिली होती आणि उन्हाळ्यामुळे असेल, असं लिहून ठेवलं होतं. ती नोंद अजून वहीत आहे.

सोमीबाईंना मीच सांगितलं. चूक कुठे झाली तेही सांगितलं. त्यांनी बाटल्या धुणं थांबवलं नाही. धुता धुताच विचारलं, “सोळाच्या सोळा?”

मी हो म्हटलं.

“तरी सांगतात, मोठं तेच चांगलं,” त्या म्हणाल्या.

मेच्या पहिल्या आठवड्यात जनाचं लग्न झालं. मी गेले होते. निरोपाच्या वेळी बायका कोयती शोधायला उठल्या आणि मग आठवून खाली बसल्या. जना हातात काही न घेता जीपमध्ये चढली.

बेटात एक पिल्लू शिल्लक होतं. पाड्यातल्या इतरांनी आपापली बेटं जाळली होती आणि सोमीबाईंनी ठेवलेल्या बेटावरून कुजबुज होती; मावा त्यांच्या दारातून उडतो, असं एका दिराने तोंडावर सांगितलं. ते खरंही होतं. मुळेबाईंनी या वेळी सूक्ष्मदर्शक माझ्या टेबलावर आणून ठेवला आणि शेजारी उभ्या राहिल्या. पान सोलत गेलं की आत आणखी बारीक पान, त्याच्या आत आणखी बारीक, आणि शेवटी चकाकणारा, काचेच्या मण्यासारखा घुमट. मधल्या शेंड्याचा एक आणि बाजूच्या डोळ्यांचे चार, असे पाच तुकडे निघाले. दुसऱ्या दिवशी सोमीबाईंनी बेट जाळलं. बाटल्या भरल्यात, आता ते ठेवायचं कारण उरलं नाही, असं त्या म्हणाल्या.

स-१९, स-२० आणि स-२१ आठवड्याच्या आत काळे पडले. स-२२ मध्ये बुरशी आली. स-२३ पांढरा राहिला.

तो मेला नव्हता आणि वाढतही नव्हता. जून संपला, जुलै संपला. दर पंधरवड्याला मी तो ताज्या पेजेवर हलवत होते. सायटोकायनिन वाढवून पाहिलं, कमी करून पाहिलं. वहीत एकाच शब्दाची नोंद दहा आठवडे आहे: ‘तसाच’. जुलैत सोमीबाई भाताच्या आवणीसाठी रजेवर होत्या. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात परत आल्या, तेव्हा हातांना अजून चिखलाच्या भेगा होत्या. त्यांनी बाटली उजेडाकडे धरली. मणी दिसायला त्यांना वेळ लागला.

“एवढंसं?”

“एवढंच आहे.”

“आणि एकटंच ठेवलंय तुमी.” त्यांनी बाटली परत दिली. “ताई, आमी भाताचं रोप एकट्याचं लावत नाय. चार-पाच काड्यांचं चूड लावतो. एकटी काडी पाण्यात नुसती उभी राहते, तिला कळत नाय काय करायचं ते. याला पण कोणाच्या तरी बाजूला ठेवा.”

मी म्हटलं, की दुसरं रोप शेजारी ठेवलं तर ते याला गिळून वाढेल, आणि नंतर कोणतं कोणाचं ते कळणार नाही.

“मग मधी काहीतरी घाला,” सोमीबाई म्हणाल्या. “सून नि सासू एका घरात राहतात, मधी भिंत असते ना.”

मुळेबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी हे ऐकलं की नाही, मला माहीत नाही. थोड्या वेळाने त्यांनी बोलावलं आणि सांगितलं, की जुन्या पुस्तकांत ही पद्धत आहे. एकटी पेशी वाढत नसली, की तिला जोमदार वाढणाऱ्या गोळ्यावर, मध्ये गाळणकागद घालून ठेवतात. कागदातून पेशी जात नाहीत, निरोप जातो. आपण करून पाहिलेलं नाही, असंही त्या म्हणाल्या. पुस्तकात तिला काय म्हणतात ते त्यांनी सांगितलं, आणि आम्ही मराठीत ‘दाईची बाटली’ म्हणायला लागलो.

त्या शनिवारी बाजारातल्या निरोगी केळीचा वाढता गोळा बाटलीच्या तळाशी ठेवला. त्यावर उकळून निर्जंतुक केलेला गाळणकागद. कागदावर मणी. क्रमांक तोच ठेवला.

चौथ्या दिवशी, सहाव्या दिवशी, दहाव्या दिवशी ‘तसाच’. सतराव्या दिवशी सकाळी दिवे लागल्यावर मी मांडणीवरची बाटली पाहिली. मण्याची एक बाजू हिरवी होती. रंग पोपटी, नखाने ओढलेल्या रेघेएवढा. मी मुळेबाईंना बोलावलं. त्यांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं आणि बाजूला झाल्या. मी पाहिलं. घुमटाच्या कडेला एक फुगवटा आला होता आणि त्याच्या बरोबर समोरच्या अंगाला दुसऱ्याची सुरुवात होती. पहिलं पान आणि दुसरं पान. अडीच महिने ज्याने काही ठरवलं नव्हतं, त्याने कुठे पान काढायचं आणि कुठे नाही हे सतरा दिवसांत ठरवलं होतं. कागद उचलून पाहिला. खालचा गोळा होता तसा होता. कागदाला भोक नव्हतं.

मी मुळेबाईंना विचारलं, की नेमकं काय गेलं असेल. त्या म्हणाल्या, की चार-पाच पदार्थांची नावं घेता येतील. मग म्हणाल्या, “पण मोजून दिले तेव्हा त्याने ऐकलं नाही हो.” त्यांना इतकं बोलताना मी क्वचित पाहिलं आहे. त्या दिवशी उत्पादनाचं काम तासभर उशिरा सुरू झालं, कारण बाटल्या धुणाऱ्या, माध्यम करणाऱ्या, अगदी फाटकावरचा रखवालदार, सगळे एकेक करून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून गेले. सोमीबाई शेवटी आल्या. एक डोळा मिटता येत नव्हता, म्हणून तो तळहाताने झाकला.

“दिसलं?”

“हाय,” त्या म्हणाल्या. “बसलंय.”

पुढचं काम नेहमीचं होतं. एका कोंबाचे चार झाले, चारांचे अकरा. मुळांच्या पेजेवर गेले, प्लास्टिकखाली गेले. पानं तपासणीला दोनदा पाठवली, मध्ये दोन महिन्यांचं अंतर ठेवून. दोन्ही वेळा विषाणू आढळला नाही. मागच्या खेपेला आनंदाची घाई झाली होती, म्हणून दुसऱ्या तपासणीचा कागद हातात येईपर्यंत मी सोमीबाईंना काही कळवलं नाही. हे त्यांनी मला नंतर बरेच दिवस ऐकवलं.

जुलै १९९९ मध्ये सोमीबाई आणि मी एक रोप घेऊन मुरबाडहून शहापूरला आणि तिथून जनाच्या सासरी गेलो. स्वतःच्या दारी त्यांनी लावलं नाही; तिथली जागा आणखी वर्षभर मोकळी ठेवा, असं कृषी सहायकाने सांगितलं होतं. जनाच्या घरामागे, न्हाणीच्या पाण्याच्या वाटेवर, एक खड्डा होता. कडेने गवत वाढलेलं, तळाशी पाणी. मी विचारलं, की आम्ही येणार हे कधी कळलं. जनाची सासू दारात तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, “कळतंय कसलं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी खणलाय तिने. चौदा महिने आमी त्यात पडतोय. बुजवू म्हटलं तर बुजवू देत नाय.”

जनाने खड्ड्यातलं पाणी उपसलं आणि रोप हातात घेतलं. पिशवी फाडताना तिने आईला विचारलं, “आये, ही आईचीच ना गो?”

सोमीबाई म्हणाल्या, की ते घड आल्यावर सांगीन. खरं तर मलाही तेवढंच सांगता आलं असतं. कागदाला भोक नव्हतं, हे मी पाहिलं होतं. पण पुरावा फळ हाच.

खड्डा चौदा महिने रिकामा राहिला, कारण त्याआधीचे जवळजवळ दहा महिने माझ्या हाताने मोठ्या कापलेल्या तुकड्यांत गेले होते. वहीत ते ‘जगलेले: सोळा’ असे नोंदलेले आहेत.

नोव्हेंबर २००० मध्ये जनाने पहिला घड माहेरी आणला. सहा फण्या होत्या. दोन दिवस तो पेंढ्यात ठेवला. तिसऱ्या दिवशी सोमीबाईंनी एक फळ सोलून निम्मं खाल्लं, उरलेलं मला दिलं. बोटभर लांब, सालीला पातळ, किंचित आंबूस. त्यांनी फण्या सोडवल्या आणि बहिणीकडे एक, भाच्यांकडे एकेक, अशा बाजूला मांडल्या. जास्तीची एक फणी मुळेबाईंसाठी माझ्या पिशवीत घातली.

प्रयोगशाळा २००४ मध्ये बंद झाली. फुलांचा धंदा बसला होता. बाटल्या, मांडण्या, सूक्ष्मदर्शक विकले गेले. नोंदवह्या मी घरी आणल्या. त्या सुमारास वर्तमानपत्रांत माणसाच्या मूलपेशींवर रोज काही ना काही छापून येत होतं. मी ते वाचत असे. स-२३ ची नोंद त्याआधीच संपते.

तिची शेवटची ओळ २००२ ची आहे. सोमीबाईंच्या दारी, दोन वर्षं मोकळ्या ठेवलेल्या जागेत, २००० च्या पावसाळ्यात त्याच बाटलीपासून तयार झालेलं एक रोप लावलं होतं. त्याला बुंध्याशी पिल्लं फुटली. मे २००२ मध्ये धाकटी मुलगी चंद्री सासरी गेली. निरोपाच्या वेळी सोमीबाईंनी कोयतीने एक पिल्लू सोडवलं आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून तिच्या हातात दिलं. उंची दीड हात होती. पानं रुंद होती.